खुर्चीसकट अनुभव

आमच्या बिदरकडच्या कोळारच्या टीमनं भर स्पर्धेत एक पोरगा दिला आणि एक काका घेतला. पोरगा 19 वर्षांचा, डावखुरा. टेनिसचा चेंडू असा आणायचा की बॅट खाली येईस्तोवर मागच्या तुराट्या आडव्या. काका 43 वर्षांचे, उदगीरकडचे. व्यवहार बरोबरीचा वाटेना म्हणून एक किट बॅग आणि 2 डझन चेंडू वर दिले. वर कुणी दिले? आम्ही.

सौदा आमच्या कप्तानानं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, केला. शेतात कोपीपुढं भज्जी-उंडे झाले, वर दोन तांबे आंबील झाली की माणूस काहीही देऊन टाकतो, एवढं मी समजू शकतो. पण त्याच्या आठच दिवस आधी हाच कप्तान बापासंगं देवणी बैल बघायला गेला होता. तिथं त्यानं बैलाचा जबडा उघडून दात मोजले, खुरं उचलून बघितली, चार पावलं चालवून बघितला आणि ‘जुळलाय हो, आता कितीक ओढणार’ म्हणून मोकळ्या दाव्यानिशी परत आला. काकांना कुणी चार पावलंही चालवून बघितलं नाही.

विचारलं तर म्हणाला, “मामा, तुम्हाला नाही कळायचं. एक्सपीरियन्स लागतो. प्रेशरमधी त्यांचं डोकं चालू लालंय.”

डोकं चालत असेल. बाकी काही चालत नाही.

अमेरिकेतले बेसबॉलवालेही हंगामाच्या मध्यावर, जुलै सरता सरता, हाच उद्योग करतात. पण त्यांचा हिशोब सरळ असतो. जो संघ चषकाच्या अंगणात पोचलाय तो दोन-तीन महिन्यांपुरता जुना खेळाडू घेतो, आणि जो बुडालाय तो जुना देऊन पोरं पदरात पाडून घेतो, पुढच्या सालची पेरणी म्हणून. आम्ही 5 पैकी 4 सामने हरलेलो. म्हणजे बुडालेले आम्हीच, पोरगा देणारेही आम्हीच आणि म्हातारा घेणारेही आम्हीच. लग्न मोडल्यावर वाजंत्री सांगितली, तीही बयाणा देऊन.

आता खुर्चीकडं येतो. काका पहिल्या सामन्याला आले ते गुडघ्याला पट्टा बांधून. सीमारेषेवर उभे राहिले, दोन चेंडू झाले आणि त्यांनी हात वर केला. आम्हाला वाटलं, फिल्डिंग लावतायत, डोकं चालू झालं. तर त्यांनी खुर्ची मागवली. मंडपवाल्याकडची लाल प्लास्टिकची खुर्ची, पाठीला पांढऱ्या रंगात त्याचा मोबाइल नंबर. दोन चेंडूंच्या मधे काका बसणार, बॉलर पळू लागला की उठणार, असं ठरलं. दुसऱ्या षटकापासून ते उठायचे राहिले. चौथ्या षटकात एक सणसणीत फटका आला, काकांनी पाय आखडून घेतले आणि चेंडू खुर्चीच्या पायाला लागून थांबला. चौकार वाचला! कप्तान टाळ्या वाजवत पळत गेला आणि काकांच्या पाठीवर थाप मारून आला, खरं म्हणजे खुर्चीच्या पाठीवर मारायला हवी होती. समोरचे भांडायला उठले. क्रिकेटच्या नियमांत किपरमागं ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर 5 धावांचा दंड आहे, खुर्चीबद्दल काय? पंच आमच्याच गावचे प्राथमिकचे मास्तर. त्यांनी मराठीत विचार केला, कानडीत निकाल दिला आणि दखनीत शिव्या खाल्ल्या. निकाल असा की खेळाडू खुर्चीत बसलेला असेल तर खुर्ची हे त्याचं अंग धरावं. त्या दिवसापासून स्कोअरच्या वहीत मी वेगळा रकाना आखलाय. आजवर वाचवलेले चौकार: खुर्ची 3, अनुभव 0.

बॅटिंगला आल्यावर काकांना रनर लागतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून रनर 2011 सालीच हद्दपार झाला. बाकी ठिकाणी तो मिळतो, पण दुखापत सामना चालू असताना झालेली पाहिजे. काकांची दुखापत सामन्याच्या आधी 43 वर्षं चालू आहे. तरी रनर दिला. तो पळाला, काका तुराट्यांपाशी उभे राहून त्याला ओरडत होते, “अरे, अंदाज घेऊन पळ!”

कुणी म्हणेल, मामा, एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं, खेळ आहे. नाही, लावून घेणार. त्या पोराला मी मुरमाच्या रानात एकटा चेंडू टाकताना बघितलंय. तुराटी रोवायची, 20 पावलं मागं जायचं, टाकायचा, स्वतःच जाऊन आणायचा. बाप त्याला रोज ‘कामाला हैदराबादला जा’ म्हणायचा आणि तो रोज उद्यावर ढकलायचा. का, तर गावची टीम. या भागातल्या पोरांना शिक्षणात आणि नोकरीत जागा राखून ठेवाव्या म्हणून घटना 98 व्यांदा दुरुस्त झाली, 371 (जे) कलम आलं. बिदर-कलबुर्गीच्या पोरांसाठी देशाच्या घटनेत जागा झाली आणि गावच्या अकरांत एक होईना? आम्ही हेच करत आलो. चांगलं बी बाजारात, किडकं घरात. चालता हात पुण्या-हैदराबादला, आणि कट्ट्यावर बसून ‘आमच्या वेळी’ सांगणारे इथं, पहिल्या रांगेत, हार घालून. पोराला तर कुणी विचारलंही नाही. येळवशीच्या रात्री त्याच्या दारात जाऊन सांगितलं, उद्यापासून तू तिकडचा, आणि जाताना आपली जर्सी धुऊन ठेव. त्यानं धुतली. इस्त्री करून आणून दिली. काकांना ती पोटावर होत नाही म्हणून उसवलीय.

परवा तो तिकडून आमच्याविरुद्ध खेळला. 4 विकेट घेतल्या. काकांना टाकताना पळत येता येता मधेच थांबला, म्हणाला, “काका, रनर उभा राहू द्या आधी.” मग टाकला. तुराट्या शोधायला दोघं जण गेले.

रात्री त्यांचा कप्तान आमच्या कट्ट्यावर आला. म्हणाला, पोरगा परत घ्या, किट बॅग घ्या, चेंडूही घ्या, काका राहू द्या तुमच्याकडंच. आम्हाला फक्त ती खुर्ची द्या, फिल्डिंगला कमी पडतोय.

आमची कमिटी तासभर बसली. ठराव एकमतानं झाला: खुर्ची जुनी आहे, तिला मैदानाचा अनुभव आहे, सोडायची नाही.

मंडपवाला 11 दिवसांचं भाडं मागायला आलाय.