लग्न लागलं, पार्ट टू कधी?

फौजीचं लग्न दोनदा लागतं. एकदा भटजी लावतात, दुसऱ्यांदा युनिटातला क्लार्क. भटजींचं काम अक्षता पडल्या की उरकतं. क्लार्कचं लग्न मात्र 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे जवानाच्या सेवानोंदीत लग्न चढवणारा आदेश, निघाल्याशिवाय लागत नाही. तोवर नवरी गावाच्या लेखी सूनबाई आणि सैन्याच्या लेखी कोणीच नाही. मग डिपेंडंट कार्ड कुठलं आणि कॅन्टीनचा स्वस्त कुकर कुठला!

त्याआधी विवाह नोंदणीचा दाखला हवा. महाराष्ट्राच्या 1998च्या कायद्यानुसार त्यासाठी तीन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, शिवाय लग्न लावणाऱ्या भटजींचीही. जेवणावळीत पाचशे माणसं होती. सहीच्या दिवशी तिघं जमवताना घाम फुटतो. भटजी तर पुढच्या मुहूर्तावर निघून गेलेले.

खरी गंमत नावाची. आधारवर माहेरचं नाव, दाखल्यावर सासरचं. त्यात इंग्रजी 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' पडला की एका सविताच्या दोन सविता होतात. आणि दोन बायका सैन्याला चालत नाहीत!

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावामागे 'मिलिटरी' कायमचं लागलं. तिथल्या सुनेला मात्र मिलिटरीशी नातं सांगायला प्रतिज्ञापत्र, जोडफोटो आणि झेरॉक्सची चळत लागतेच.

रजा संपत आलेला जवान कचेरीच्या बाकावर बसून म्हणतो, सीमेवरचं बरं. शत्रू निदान जागेवर सापडतो. इथं साहेब जेवायला गेलेत.