मुंडावळ्या बांधून कलेक्टर कचेरीवर

मुलाचं लग्न जमत नसलं की कारणं सांगायला घरात माणसं कमी पडत नाहीत. आत्याच्या मते मंगळ कडक. मामाच्या मते फोटो चुकला, पोरानं एवढं हसायला नको होतं. धाकट्या काकूंचा संशय घराच्या दारावर, कारण ते दक्षिणेला आहे. वडील सगळं ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, त्याला चार माणसांत बोलताच येत नाही. मग शांत होते, दार हलतं, फोटो नव्यानं निघतो. पलीकडच्या वाड्यातला पस्तिशीचा पोरगाही बिनलग्नाचा आहे आणि त्याचं दार चांगलं पूर्वेला आहे, याचा मात्र कोणी विषय काढत नाही.

सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं हाच विषय काढला होता. मोटारसायकलवरून हिंडणारा हा प्राध्यापक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवायचा. 1959 साली त्याचं ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ हे पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं की लाखभर वस्तीच्या गावात एकच माणूस बेकार असेल, तर खुशाल त्याचा स्वभाव आणि त्याचं कसब तपासा. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासून हाती काही लागायचं नाही. हाच हिशेब त्यानं मोडणाऱ्या संसारांनाही लावला. स्वतः मिल्सनं चार लग्नं केली, त्यांतली दोन एकाच बाईशी. तेव्हा या विषयाचा त्याचा अभ्यास निव्वळ पुस्तकी होता, असं कोणी म्हणू नये.

मिल्सला सोलापूर ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण डिसेंबर 2022 मध्ये तिथले काही तरुण नवरदेवाच्या वेशात, मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. आम्हाला बायको मिळवून द्या, आणि गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा नीट राबवा, अशी मागणी. लोक हसले. वरात म्हटलं की मुलीच्या मांडवाकडे जाते, ही निघाली कलेक्टरकडे! मला विचाराल तर पत्ता बरोबर होता. मंगळाकडे अर्ज करून थकलेली ही मंडळी निदान योग्य खात्यात पोचली होती.

कारण त्यांच्या न होणाऱ्या लग्नांची नोंद सरकारदरबारी फार आधीच झालेली होती. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 913. नवरदेव तेव्हा अंगणवाडीत खिचडी खात होते, आणि प्रगणक दारोदार फिरून, नकळत, त्यांच्या न आलेल्या नवऱ्या मोजत होता. गर्भलिंग तपासणीला आवर घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, 1988 साली, महाराष्ट्रानंच केला. पण कायदा फाटकापाशी उभा आणि सोनोग्राफीचं यंत्र आत, अशी अवस्था. यंत्रासमोर जाणारं प्रत्येक घर आपापली खासगी अडचण सोडवत होतं. हुंडा वाचला, वंशाला दिवा आला. गावभर सगळ्यांनी अडचणी अशा सोडवल्या, आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्याच दिव्यांना स्थळ मिळेना.

सगळाच दोष या आकड्यावर टाकता येत नाही. राज्यात सरासरी शेतजमीन 1970-71 मध्ये खातेदारामागे 4.28 हेक्टर होती, 2015-16 पर्यंत ती 1.34 वर आली. वधूपित्यांच्या अपेक्षेत तरीही ‘शेती हवी’ असतंच. फक्त ती कसणारा जावई नको असतो. जावयानं पुण्यात कंपनीत असावं आणि सातबारा गावी असावा. यात मुलीच्या नखऱ्यांना नावं ठेवायची पद्धत आहे. पण तिनं आईला पहाटे गोठ्यात आणि दुपारी खुरपणीला पाहिलेलं असतं. तिचा नकार हा अनुभवाचा दाखला आहे. मौज तिच्या बापाची. सकाळी तो लेकीसाठी ‘शेतकरी नको’ म्हणतो आणि संध्याकाळी शेती करणाऱ्या लेकासाठी ‘शेतीची आवड असलेली’ मुलगी शोधायला निघतो. दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो.

पुढची पंगत तर अजून बसायची आहे. 2011 च्या जनगणनेत राज्याचा तो 913 चा आकडा 894 वर आला, आणि बीड जिल्ह्यात तर थेट 807 वर. तेव्हा पाळण्यात असलेली पोरं अजून बोहल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

अर्थात हे आकडे वधूवर मेळाव्यात सांगून पाहावेत. चार-पाच वर्षं मेळावे पालथे घालणारी एखादी वरमाय ते शांतपणे ऐकून घेईल आणि विचारेल, “हजारांत नऊशे तेरा आहेत ना? मग त्यांतली एक आमच्या बाळूला मिळायला काय हरकत होती?” मिल्सच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. मी पाहिलंय.