झाकण उघडू नको गो!

"काय गो, आडवा फ्रीझर आणलास म्हणे?" काकूंनी गडग्यापलीकडून विचारलं. आमच्या अंजनवेलला टेम्पोतून उतरलेली वस्तू घरात शिरायच्या आधी वाडीभर फिरून आलेली असते.

"कालच आला. पडवीत ठेवलाय."

"पडवीत? खाऱ्या वाऱ्यात? पत्रा कुजेल मेल्याचा. आत घे, आणि भिंतीला चिकटवू नको. त्याची ऊन हवा बाहेर पडायला वीतभर जागा लागते. भरलास कशाने?"

"हापूसचा रस, ओले काजूगर, खवलेलं खोबरं, थोडी कोलंबी…"

"रस डब्यात?"

"हो."

"डबे जागा खातात. पिशवीत घाल, चपटी करून आडवी निजव. पटकन गोठते, मग उभी रचता येते. काठोकाठ मात्र भरू नको, गोठताना फुगतो. आणि कोलंबी पाण्यासकट गोठव. मासळीला थंड वारा लागला की ती सुकून पांढरी पडते, मग कितीही वाटण घाल, चव येत नाही. बांगडा, तारली तेलकट, दोन-तीन महिन्यांत खवट होतात. सुरमई त्यापेक्षा दम धरते."

एवढं सांगून काकू गडग्याला रेलल्या. आता खरी गोष्ट येणार हे मी ओळखलं.

"वरच्या आळीतलीकडे दोन फ्रीझर आहेत, ठाऊक आहे ना? सगळं मुंबईच्या मुलासाठी. तो येणार गणपतीला आणि शिमग्याला. आता तो जिमला जातो, आंब्यात साखर असते म्हणून रसाला हात लावत नाही! हिचं साठवणं चालूच. परवा सांदणं करायला रस काढला, तर निघाला भोपळ्याचा गर. कुठल्या सालचा, देव जाणे. पिशवीवर नाव नाही, तारीख नाही."

"मग केलं काय?"

"घारगे केले आणि आम्हालाच वाढले."

काकूंच्या बोलण्यात थोडं तिखट असतं, पण मुद्दा खोटा नाही. उणे १८ अंशांत जंतू मरत नाहीत, नुसते थिजतात. चवही हळूहळू उतरतेच. फ्रीझरमध्ये ठेवलं म्हणजे अमर झालं, ही समजूत आमच्या वाडीत घरोघर आहे.

"पण काकू, लाइट गेली तर?"

"जाणारच! गावात एवढा वीज प्रकल्प, एन्रॉनच्या काळात काय गाजला! १९९९ साली सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, पुढे दुसऱ्या नावाने उभा राहिला. शेजारी बोटीतून वायू येतो, तो उणे १६२ अंशांवर पातळ करून ठेवलेला. आपल्याला साधे उणे १८ हवेत, तर आंब्याची फांदी तारेवर पडली की संपलं."

निसर्ग वादळाची आठवण निघणं भागच होतं. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धनकडे किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडातली कित्येक गावं बरेच दिवस अंधारात राहिली. काकूंच्या बहिणीने तिकडे दर तासाला झाकण उघडून "बघू तरी" केलं. सगळी मासळी माडाच्या मुळाशी पुरावी लागली.

"झाकण उघडायचं नाही गो! गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. रिकामी जागा दिसली की पाण्याच्या बाटल्या भरून ठेव. आणि एका वाटीत बर्फ करून त्यावर रुपया ठेव. चार दिवस मुंबईला जाऊन आलीस आणि रुपया तळाला दिसला, तर समज की सगळं वितळून परत गोठलंय. मासळी टाकून दे, जीव लावू नको."

"बर्फाचा थर चढला की खरवडायचा ना?"

"सुरीने? खबरदार! आमच्याकडे एकाने विळा घातला, नळीला भोक पडलं, गॅस गेला, मेकॅनिक चिपळूणहून यायचा. पाव इंच थर झाला की फ्रीझर बंद कर, आत ऊन पाण्याचं पातेलं ठेव, बर्फ आपोआप सुटतो. कोरडं पूस, मग चालू कर. आणि झाकणाच्या रबरात कागद धरून बघ. सहज ओढून आला तर रबर गेलं."

मी सगळं ऐकून घेतलं. काकू नेहमी म्हणतात त्या आणखी एका गोष्टीवरही माझा अजिबात वाद नाही. आमसुलं, साठं, फणसपोळी, सुकट यांना वीज लागत नाही, ऊन लागतं. ज्याला ऊन पुरतं त्याने फ्रीझरची जागा अडवू नये. ओले काजूगर, रस, ताजी मासळी यांच्यापुरता तो आणलाय. नाहीतर बिल तर येतंच, वर आपण साठवतोय की विसरतोय तेही कळत नाही.

१ जूनला मासेमारी बंद होते, तेव्हा फ्रीझर भरलेला असावा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या परत पाण्यात लोटतात, त्याआधी त्याचा तळ दिसला पाहिजे. तुमच्याकडे गेल्या वर्षीचा बांगडा अजून आत असेल, तर तो आजच काढून बघा.