किचन आग्नेयेला, सिबिल सहाशेला

फ्लॅट बघायला निघालेलं मराठी कुटुंब काय काय तपासतं? पाण्याचा दाब. स्टेशनपासूनचं अंतर. शेजाऱ्याचं आडनाव. भिंतीवर टिचक्या मारून बघतात, किचन आग्नेयेला आहे ना याची मोबाइलमधल्या होकायंत्रावर खात्री करतात, सॅम्पल फ्लॅटमधल्या पुठ्ठ्याच्या टीव्हीसमोर फोटो काढतात.

मग बुकिंगचा चेक फाडतात.

सिबिल त्यानंतर. तेही बँक बघते म्हणून.

आग्नेय बरोबर निघते. स्कोअर निघतो 628.

यात धक्का बसण्यासारखं काय आहे? सेल्सवाल्या पोरानं चहा पाजताना सांगितलेलं असतं, ‘लोनचं टेन्शन घ्यायचं नाही सर, सगळ्या बँकांचं अप्रूव्हल आहे.’ खोटं नव्हतं ते. बँकांनी अप्रूव्हल बिल्डिंगला दिलेलं असतं. तुम्हाला कोणी दिलं?

कर्ज नाही मिळालं तर? रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. म्हणजे 80 लाखांच्या फ्लॅटवर फार तर 8 लाख अडकतील. कायदा ग्राहकाच्याच बाजूचा आहे हो.

बरं, हा सिबिलचा आकडा असतो 300 ते 900 च्या मधला. तो काढणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोक चौघींनाही सिबिलच म्हणतात. बँकेत किमान किती लागतो? रिझर्व्ह बँकेनं असा आकडा ठरवून दिलेला नाही, प्रत्येक बँक आपापला ठरवते. साडेसातशेच्या वर असेल तर मॅनेजर खुर्ची पुढे करतो, सातशेच्या खाली ‘बघू या’ म्हणतो आणि साडेसहाशेच्या खाली तो मीटिंगमध्ये असतो.

कर्ज मिळालंच तर? 50 लाख, 20 वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता बसतो 43,391 रुपये. स्कोअर कमी म्हणून बँकेनं एक टक्का जास्त लावला की 46,607. फरक महिन्याला तीन हजार दोनशेच्या आसपास, वीस वर्षांत पावणेआठ लाखांच्या घरात. तेवढ्यात मॉड्युलर किचन झालं असतं. आग्नेयेला.

हे फक्त घरापुरतं राहिलेलं नाही. मूर्तिजापूरला ठरलेलं लग्न मुलाच्या सिबिलवरून मोडल्याची बातमी 2025 च्या फेब्रुवारीत आली होती. त्याच वर्षी, सिबिल खराब म्हणून स्टेट बँकेनं एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि मद्रास उच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं. छोकरी गेली, नोकरी गेली. घर तर लांबच.

शेतकऱ्याला निदान कोणीतरी वाली आहे. पीककर्जासाठी सिबिल मागाल तर गुन्हे दाखल करू, असं मुख्यमंत्री फडणवीस यांनी मे 2025 मध्ये बँकवाल्यांना बैठकीत बजावलं. बँका ऐकतात की नाही हे कुठल्याही गावच्या पारावर विचारा. पण टू बीएचकेवाल्यासाठी असा दम कधी कोणी भरलाय? आपण हप्ते भरतो, मोर्चे काढत नाही.

मग आपल्यासाठी येतो एजंट.

‘सिबिल दुरुस्ती. 30 दिवसांत 750 प्लस. गॅरंटी.’ विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर, इन्स्टाग्रामवर. फी पाच हजार, नाहीतर पंधरा हजार, तोंड बघून. वर पॅन, आधार आणि आलेला ओटीपी. म्हणजे कर्जाच्या कागदावर नाव बिघडलंय म्हणून कर्ज काढायला लागणारं सगळं सामान अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं.

सनी लिओनीच्या पॅनवर कोणीतरी परस्पर 2 हजारांचं कर्ज उचललं होतं. तिनं स्वतःच 2022 मध्ये तशी जाहीर तक्रार केली. तिची ही गत, तर तुमचं पॅन कार्ड झेरॉक्सच्या दुकानात विसरल्यावर काय होत असेल?

आणि हा एजंट करतो काय? तोच ऑनलाइन तक्रार अर्ज भरतो, जो तुम्हाला फुकट भरता येतो. खरी थकबाकी पुसून टाकायची ताकद त्याच्याकडे नाही. गंमत म्हणजे सिबिलकडेही नाही. बँक ‘चुकलं’ म्हणत नाही तोवर कंपनी नोंदीला हात लावत नाही.

तेव्हा दुरुस्तीची सुरुवात रिपोर्ट काढण्यापासून. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम 2017 पासून आहे. तो शोधायला वेबसाइटवर जा. ‘फ्री’ लिहिलेलं बटण दाबत दाबत तुम्ही वार्षिक सबस्क्रिप्शनच्या पानावर पोहोचता. मागे फिरा. फुकटचं बटण तिथंच कुठंतरी लाजून उभं असतं.

‘पण बघितल्यानं स्कोअर कमी होतो ना?’ नाही होत. तुम्ही बघितल्यानं होत नाही. चार बँकांत एकाच आठवड्यात अर्ज टाकलेत आणि चौघींनी बघितला, तर ‘हा माणूस पैशासाठी फिरतोय’ अशी नोंद होते. आपण उलटं करतो. स्वतः बघायला घाबरतो आणि जो डीएसए, म्हणजे बँकेचा कर्ज-दलाल, ‘फाइल लॉगिन करतो’ म्हणेल त्याला कागद देतो.

रिपोर्टमध्ये भुतं निघतात. मोठं बुडवलेलं कर्ज फार थोड्यांच्या नावावर असतं. बहुतेकांची प्रकरणं हास्यास्पद असतात. फेडून झालेल्या बाइकच्या कर्जावर राहिलेला बाउन्स चार्ज. ‘लाइफटाइम फ्री’ म्हणून मॉलमध्ये गळ्यात मारलेल्या कार्डाची वार्षिक फी. दिवाळीत घेतलेल्या मोबाइलचा ‘नो कॉस्ट’ हप्ता, जो कर्ज असतो हे दुकानदारानं सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. हप्त्याच्या तारखेला खात्यात चारशे रुपये कमी होते, तो महिना. रिपोर्टात मागच्या 36 महिन्यांचा हिशेब चौकटीचौकटीत मांडलेला असतो. किती दिवस उशीर झाला, तो आकडाच छापतात. कारण छापायला जागा नसते.

भावोजींसाठी केलेली सहीसुद्धा तिथं असते. ‘नुसतं जामीनदार म्हणून नाव हवंय हो.’ नुसतं! भावोजी हप्ता चुकवतात, तुमचा स्कोअर घसरतो आणि भाऊबीजेला दोघं एकाच ताटात जेवतात. नात्यात वितुष्ट नको म्हणून बोलायचं नाही. बँकेला नातं कुठं असतं?

उलट काकांचा प्रकार बघा. ‘आयुष्यात एक रुपया कर्ज काढलं नाही.’ अभिमानानं रिपोर्ट काढला, आला उणे एक. इतिहासच नाही म्हणे. केवळ तेवढ्यावरून पहिल्या कर्जाचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. फेटाळत नाहीत. आणखी कागद मागतात.

आता सगळ्यात गोड सापळा. सेटलमेंट.

कार्डाचे 90 हजार थकलेत. वसुलीवाल्यांचे फोन बायकोला, मग ऑफिसात. आणि एक दिवस तोच आवाज मधाळ होतो, ‘सर, 35 हजारांत विषय संपवून टाकू.’ कोण नाही म्हणेल? पैसे भरले, पत्र आलं, सत्यनारायण घातला. विषय संपला.

संपला कुठला! रिपोर्टात ‘सेटल्ड’ लागलं. ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’. गृहकर्जवाल्या बँकेला त्याचा अर्थ एवढाच कळतो की यानं 55 हजार सोडायला लावले. अशी माहिती किमान सात वर्षं सांभाळून ठेवणं कंपन्यांना नियमानंच भाग आहे. फोन करणारा तोवर नोकरी बदलून दुसऱ्या बँकेची वसुली करत असतो.

इलाज? आहे, आणि कोणालाही आवडत नाही. त्याच बँकेत जायचं, उरलेली रक्कम किती ते लेखी विचारायचं, भरायची, नो ड्यूज घ्यायचं आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून मागायची. ज्या पैशांवर आपण पाणी सोडायला लावलं होतं तेच पुन्हा ओतायचे. जिवावर येतं. पण घर घ्यायचं असेल तर पावणेआठ लाखांचा आकडा वर दिलाच आहे.

आणि नो ड्यूज कागदावर हवं. ‘सिस्टीममध्ये झालंय सर’ हे पुरावा म्हणून कुठंच चालत नाही.

चूक बँकेची असेल तर? फेडलेलं कर्ज चालू दिसतंय, किंवा पाटील नावाच्या कुणा दुसऱ्याचा ट्रॅक्टर तुमच्या रिपोर्टात उभा आहे? महाराष्ट्रात हे व्हायचंच. एकाच नावाची माणसं तालुक्यागणिक निघतात. तिथं वाद न घालता तक्रार नोंदवा, कंपनीकडे आणि बँकेकडेही. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर एकतिसाव्या दिवसापासून रोज 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून आहे. बँकेनं 21 दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर ती देणार. तिनं पाठवूनही कंपनी झोपली तर कंपनी देणार.

आता हे दर बघा. क्रेडिट कार्ड बंद करायला बँकेनं सात कामाच्या दिवसांहून जास्त लावले तर रोज 500 रुपये. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद परत द्यायला 30 दिवसांपेक्षा उशीर केला तर रोज 5 हजार. आणि तुमचं नाव कर्जबुडव्यांत तसंच ठेवलं तर रोज 100.

नावाला भाव नाही म्हणतात तो असा.

तेवढ्यावरही भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. सप्टेंबर 2022 पासून या माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या. 14448 वर फोन लागतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा मागतात. नसतोच. आपण शाखेत जाऊन आवाज चढवलेला असतो आणि आवाजाची पोच मिळत नाही.

बाकीचं पथ्य कंटाळवाणं आहे. कार्डाच्या मर्यादेच्या तीसेक टक्क्यांहून जास्त वापरू नका. ‘मिनिमम ड्यू’ भरून बिल भरल्याचं समाधान मानू नका. जुनं, नीट चाललेलं कार्ड रागानं कापू नका, चांगला इतिहास त्याच्यावरच आहे. स्कोअर वाढवायला नवं कर्ज घ्या, असं सांगणाऱ्याचा धंदा आधी विचारा. आणि बायकोचा स्कोअर 790 आहे म्हणून तिचं नाव आधी घातलं की आपलं झाकलं जाईल, या भ्रमात राहू नका. बँक दोघांचेही बघते. तिलाही तेव्हाच कळतं.

नोंदी आता महिन्यातून किमान दोनदा जातात, जानेवारी 2025 पासून. म्हणून दोन आठवड्यांत स्कोअर सुधारतो असं ज्याला वाटतं त्यानं एजंटाकडेच जावं. माहिती पंधरवड्याच्या आत पोहोचते. विश्वास बसायला महिने लागतात, कधी वर्ष. सहाशेवरून साडेसातशेला जायला काय लागतं? वेळेवर गेलेला हप्ता. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा.

वर्षभर आधी रिपोर्ट काढला असता तर हे सगळं भाड्याच्या घरात बसून निवांत झालं असतं. पण वर्षभर आधी आपण काय करत होतो? सॅम्पल फ्लॅट बघत होतो.

असो. एखादा खरंच चिकाटी धरतो. भुतं काढतो, थकबाकी भरतो, पत्रं गोळा करतो, वर्षभर हप्ता चुकवत नाही. स्कोअर 762 होतो. त्याच आठवड्यात फोन वाजतो. बँकेचाच असतो, आवाज मधाळ.

‘अभिनंदन सर! तुमच्या उत्तम सिबिलमुळे पाच लाखांचं पर्सनल लोन प्री-अप्रूव्ह्ड आहे. नुसता ओटीपी सांगा.’