काळी चारमधले काका

एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने 1965 साली एका निबंधात ‘मध्यवयीन संकट’ ही संज्ञा मांडली तेव्हा त्याच्यासमोर प्रामुख्याने कवी, चित्रकार आणि संगीतकार होते, आणि पस्तिशीच्या सुमारास मृत्यूची जाणीव झाल्यावर त्यांच्या निर्मितीत काय उलथापालथ होते हा त्याचा विषय होता. महाराष्ट्रीय मध्यमवर्गात हे संकट पन्नाशीपर्यंत पुढे ढकलले जाते, कारण तोवर गृहकर्जाचे हप्ते चालू असतात. हप्ते फिटल्यावर ज्यांना आयुष्यात काहीतरी करायचे राहून गेल्याची रुखरुख लागते, त्यांपैकी काही जण सह्याद्रीच्या कड्यांकडे आणि काही विपश्यनेकडे वळतात. प्रस्तुत विवेचन उरलेल्यांपुरते, म्हणजे शास्त्रीय गायनाच्या क्लासात नाव घालणाऱ्यांपुरते, मर्यादित आहे.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून गाणे घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणले, आणि त्याच परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे आज कोणीही ‘प्रारंभिक’पासून सुरुवात करून विशारद, अलंकारापर्यंत चढू शकतो. मात्र प्रारंभिकच्या वर्गात शेजारी बसणारे सहाध्यायी बहुधा प्राथमिक शाळेतले असतात, आणि क्लासची पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या स्वराला षड्ज मानून सर्वांनी गायचे तो स्वर, त्यांच्या गळ्यांच्या सोयीने काळी चार ठरलेली असते. पुरुषाचा षड्ज साधारणपणे काळी एक-दोनच्या आसपास सुखावतो. त्यामुळे या पट्टीत वरच्या अंगाने गेल्यास त्याची किंचाळी होते आणि एक सप्तक खाली उतरल्यास सोसायटीच्या पाण्याच्या पंपासारखी घरघर ऐकू येते, जिच्याकडे पुढच्या रांगेतील मुली कुतूहलाने वळून पाहतात.

गळ्याची ही अडचण तरी शारीरिक आहे, वयानुसार स्वरयंत्रातील कूर्चा कठीण होत जातात असे सांगून तिचे समर्थन करता येते. खरी पंचाईत कानाची होते. ज्याने वर्षानुवर्षे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर मांडी घालून, हातातला बटाटेवडा संपवता संपवता, ‘आज बुवांचा गंधार जरा उतरलाच’ असे निर्णय दिले आहेत, त्याचा कान पन्नास वर्षांचा आणि गळा तीन आठवड्यांचा असतो. परिणामी स्वतःचा गंधार कणसूर लागल्याचे, म्हणजे जागेपासून किंचित ढळल्याचे, सर्वांत आधी त्यालाच कळते. कार्यालयात चूक झाली की तिला फाइल असते, टिपण असते, आणि दोष देण्यासाठी बदलून गेलेला पूर्वाधिकारी असतो; गंधाराला यांपैकी काहीही उपलब्ध नसते.

यावर मध्यवयीन विद्यार्थी जो उपाय शोधतो त्यास ‘पूर्वखोकला’ म्हणता येईल. पूर्वखोकला म्हणजे गाण्याआधी घसा साफ करून, हवेतील गारठा, कालचे दही आणि झोपेची कमतरता यांचा उल्लेख करून, होऊ घातलेल्या अपयशाची जबाबदारी आगाऊ वाटून टाकणे. मुले पूर्वखोकला करीत नाहीत. ती थेट चुकतात, हसतात आणि पुढच्या पलट्याला लागतात. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे सर्वस्वी टाळायचे, असतात. परंतु पंचमावरून गंधारावर उतरताना मध्यम वाटेत उभाच असतो आणि प्रौढ गळा त्याला ओळख दिल्यावाचून पुढे जात नाही. अशा वेळी ‘काका, मध्यम लागला’ हे निदान तिसरीतला सहाध्यायी करतो, आणि विद्यार्थ्याच्या मुलीहून लहान असलेले सर ‘पुन्हा घ्या काका’ एवढेच म्हणतात. गुरुपौर्णिमेला विद्यार्थी गुरूच्या पायांशी वाकतो, गुरू वयाचा मान राखून त्याच क्षणी वाकतात, आणि डोकी आपटतात.

या वर्गातील प्रौढांना अल्लादिया खाँसाहेबांची हकिकत विशेष प्रिय असते. आमलेटा येथील दरबारात अतिगायनामुळे खाँसाहेबांचा आवाज गेला, दीर्घ काळाने परतला तो पूर्वीचा नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजाला मानवेल अशी जी गायकी त्यांनी बांधली ती जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून कीर्तिमान झाली. हकिकत प्रेरक आहेच. फक्त आवाज गमावण्यासाठी तो आधी असावा लागतो, हा तपशील सांगणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. अपयशाला यशाची पहिली पायरी म्हणणाऱ्या ग्रंथांचे लेखकही बहुधा लिफ्टने गेलेले असावेत, कारण त्या पायरीवर महिनोन्‌महिने मुक्काम पडतो याची नोंद ते करीत नाहीत.

मुक्कामाने एक होते, ते म्हणजे पूर्वखोकला हळूहळू आखूड होतो. आधी दही वगळले जाते, मग हवामान, आणि एखाद्या मंगळवारी मनुष्य काहीही न सांगता चुकीचा गंधार लावतो, तो ऐकतो आणि पुन्हा लावतो. दुसरा गंधारही चुकीचाच असतो. पण तो पहिल्यापेक्षा जवळचा असतो, आणि घरी जाताना त्याला कोणाला काही पटवून द्यावेसे वाटत नाही. प्रगतीचे याहून मोठे लक्षण प्रस्तुत विवेचनास आढळलेले नाही.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर त्याला पालकांच्या बाकावर बसवले जाते, नाव पुकारल्यावर तो उठतो तेव्हा परीक्षक मागून येणाऱ्या मुलाची वाट पाहतात, आणि त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर देताना तो नवव्या मात्रेवर, जिथे टाळी न वाजवता हात बाजूला न्यायचा असतो त्या खालीवर, दणदणीत टाळी देतो. तरीही तो उत्तीर्ण होतो, कारण परीक्षकही पन्नाशीचेच असतात. पुढील वर्गाच्या प्रवेश अर्जात ‘पालकाची सही’ असा रकाना असल्यास तो रिकामा सोडू नये असा क्लासचा आग्रह असतो, त्यामुळे अर्ज आईपुढे ठेवावा लागतो. ऐंशीच्या घरातील ती माउली चष्मा शोधते, अर्ज पूर्ण वाचते, आणि सही करण्यापूर्वी ‘या वेळी रियाज तरी नीट करणार आहेस का?’ असे विचारते.