लोखंडे जिना उतरतात

आमच्या अपार्टमेंटमधले लोखंडे जिना पाठमोरे उतरतात. कठडा दोन्ही हातांनी धरायचा आणि समोर फणा काढलेला नाग असल्यासारखा एकेक पाय मागे टाकायचा. नव्या दूधवाल्याला ते तळमजल्यावरून दिसतात ते पाठीकडूनच. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, वर कुणीतरी बुवा उतरलेत आणि हे त्यांना पाठ न दाखवता निघालेत.

लोखंडे हे त्यांचं आडनाव नव्हे. वय ४६, बँकेत मोठा हुद्दा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रविवारी तांबडा-पांढरा ओरपून पाचपर्यंत घोरणारा हा गृहस्थ. त्याला आयर्नमॅन शर्यतीचं वेड लागलं आणि पोरांनी बारसं केलं. कोल्हापुरात हल्ली हा नग गल्लोगल्ली सापडतो. पहाटे राजाराम तलावात पोहतो, सुट्टीला सायकलनं पन्हाळा चढतो, संध्याकाळी रंकाळ्याकाठी पळतो आणि उरलेल्या वेळात त्याविषयी बोलतो. सगळ्यात लांब पल्ला या शेवटच्या प्रकाराचा.

मूळ खोड हवाई बेटांवरची. पोहणारा, सायकलवाला आणि पळणारा यांत दमदार कोण, यावर तिथं वाद पेटला. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं तोडगा काढला की तिन्ही एकाच दिवशी करून दाखवा. १९७८ साली पंधरा जण निघाले, बारा पोचले. आमच्याकडे हा वाद मिसळीच्या जादा कटावर मिटला असता. पण २०१९ साली या शर्यतीची अर्धी आवृत्ती गोव्यात आली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं. लोखंड्यांनी आधी फी भरली आणि मग वहिनींना सांगितलं.

पुढं त्यांच्या शरीराचे अवयव एकेक करून बातमीत येऊ लागले. "आयटी बँडनं वाट लावली," ते म्हणाले, तेव्हा मला वाटलं आयकराची नोटीस आली. ते दुखणं गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाचं निघालं, जिना उतरताना खास जाणवणारं. त्यानंतर टाच. सकाळी पलंगावरून टाकलेलं पहिलं पाऊल खिळ्यावर पडल्यासारखं. त्यानंतर पोहून पोहून खांदा. खांद्यावर निळी पट्टी, पोटरीवर गुलाबी, असे ते ऑफिसला निघाले की कुणीतरी कुरिअरनं पाठवलेत असं वाटायचं. दोन लोखंडे भेटले की देवळाच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांसारखे गुडघ्यांवर बोलतात. म्हातारे निदान कण्हतात, हे मिरवतात.

शेवटी मीच त्यांना स्कूटरवर घालून फिजिओकडे नेलं.

"पळणं किती वाढवलंत?"

"फार नाही मॅडम. आठवड्याला १५ किलोमीटरचं ४० केलं."

"किती महिन्यांत?"

"तीन आठवडे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. दम लवकर वाढतो, त्या म्हणाल्या, पण टेंडन आणि हाडं त्याच्या मागून रखडत येतात, त्यांना महिने लागतात. छाती म्हणते चल, गुडघा म्हणतो थांब. लोखंड्यांचं जन्मभर छातीशीच जमलेलं. सायकलची सीटही त्यांनी मुद्दाम खाली घेतलेली. कारण दसरा चौकात सिग्नलला बूट पेडलमधून सुटेना, आणि लोखंडे उभ्याउभ्या, कसलीही घाई न करता, तोडलेल्या उसासारखे आडवे झाले होते. तेव्हापासून पाय टेकायला हवा म्हणून सीट खाली. सीट खाली आली की प्रत्येक पेडलला गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर ताण येतो, हे बाईंनी कागदावर काढून दाखवलं.

पुढं उपाय. सीट वर घ्या, मांड्या आणि खुब्यांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, पळणं थोडं थोडं वाढवा, अधूनमधून एक आठवडा हलका ठेवा. हे सगळं लोखंड्यांनी वहीत उतरवलं. "आणि आठ तास झोप," यावर वही मिटली.

झोपेचं त्यांना पटवलं ते तळमजल्यावरच्या वस्तादांनी. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, तरुणपणी खासबागेच्या मातीत लढलेला. पाठमोरे उतरणारे लोखंडे त्यांच्या दारापाशी पोचले तेव्हा म्हणाले, "सायेब, पैलवान पहाटं मेहनत करतोय, खातोय आन् दुपारी ताणून देतोय. ताकद झोपंत भरती. तुमी झोपताय कवा?"

लोखंड्यांनी सवयीनं मनगटाकडं बघितलं. घड्याळात उत्तर होतं, चार तास पन्नास मिनिटं. घड्याळ झोपेलाही शंभरपैकी गुण देतं हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं. त्यांना ४१ होते. त्यांनी गमतीनं ग्रुपवर टाकले. दहा मिनिटांत त्यांच्याबरोबर पोहणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरानं स्वतःचे टाकले, ८८.

त्या रात्री साडेनऊला लोखंड्यांच्या घरातला दिवा गेला. वहिनींना वाटलं फ्यूज उडाला.

याला सात आठवडे झाले. सीट वर गेली, पळणं निम्म्यावर आलं, झोपेचे गुण ९१. डेंटिस्ट ९० वर अडकलाय. काल सकाळी लोखंडे तोंड पुढं करून, कठडा न धरता तीन मजले उतरले.

दूधवाल्यानं ओळखलंच नाही.