कमाल मांडी, किमान जागा

लोहगावला विमानतळ आहे हे पुण्याबाहेरच्यांनाही माहीत असतं. पण मुळात तो हवाई दलाचा तळ आहे आणि दिल्ली-बंगळुरूची प्रवासी विमानं तिथे एका बाजूला भाडेकरूसारखी राहतात, हे धानोरीत फ्लॅट घेतल्यावर कळतं. सुखोई उठलं की धानोरीतलं बोलणं थांबतं. टीव्हीवरची बातमी, फोनवरचा विमा एजंट, सत्यनारायणाच्या कथेतला साधुवाणी, सगळे जागच्या जागी थबकतात आणि आवाज विरला की राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू होतात. माझ्या ताईच्या घरात आजवर एकही भांडण सलग झालेलं नाही, याचं श्रेय मी हवाई दलाला देतो. सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झालं ते २००२ साली, आणि पहिल्यांदा इथेच. भाऊजींनी फ्लॅट घेतला तो त्यानंतर. 'एअरपोर्ट व्ह्यू' म्हणून बिल्डरने चौरस फुटामागे जास्तीचे पैसेही लावले होते.

या आवाजात वाढलेल्या सईने, म्हणजे ताईच्या मुलीने, दहावीचा निकाल लागल्यावर "मला फायटर पायलट व्हायचंय" असं म्हणावं, यात आश्चर्य काहीच नव्हतं. आश्चर्य वाटावं ते घरच्यांना वाटलेल्या आश्चर्याचं.

ताईने विचारलं, "जेवायला काय देतात तिथे?"

भाऊजींनी विचारलं, "आणि बॅकअप काय?"

भाऊजींच्या मातोश्री, म्हणजे माई, ऐंशीच्या आसपासच्या. त्यांनी विचारलं, "कधी जायचंय?"

भाऊजी राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत. त्यांच्या घरात दिवे गेले तर इन्व्हर्टर आहे, इन्व्हर्टर गेला तर चार्जिंगचा दिवा आहे, तो गेला तर मेणबत्ती आहे आणि मेणबत्तीशेजारी दोन काड्यापेट्या आहेत, कारण एक सादळू शकते. हॉलच्या पडद्यांचा रंग ठरवायला या कुटुंबाला दोन दिवाळ्या लागल्या. मधल्या काळात खिडक्यांना जुन्या चादरी होत्या आणि पाहुण्यांना वाटायचं, घरात रंगकाम चालू आहे.

माहिती काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मामा हा घराण्यातला बिनपगारी चौकशी अधिकारी असतो.

पहिला रस्ता केव्हाच मागे पडला होता. साताऱ्याची सैनिक शाळा, १९६१ सालची, देशातली पहिली. तिथे सहावीत किंवा नववीत प्रवेश घ्यावा लागतो. सई सहावीत होती तेव्हा भाऊजी तिला कथक लावावं की तबला, यावर विचार करत होते. दहावीनंतरचा रस्ता म्हणजे राज्य सरकारच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. मुलांची संभाजीनगरला, मुलींची अलीकडेच नाशिकला. बारावीनंतरची एनडीए. पदवीनंतरची अॅफकॅट परीक्षा, त्यातून शॉर्ट सर्व्हिस, उडणाऱ्यांना चौदा वर्षांची. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमधून सी सर्टिफिकेट मिळवलं तर लेखी परीक्षा चुकवून थेट मुलाखतीला जायचीही एक वाट आहे. शिवाय विमानं काही फक्त हवाई दलाकडेच नसतात. नौदलाकडे असतात, तटरक्षक दलाकडे असतात, आणि भूदलाच्या हेलिकॉप्टरवाल्यांची तर शाळाच नाशिकला आहे. हे सगळं ऐकून भाऊजींचा चेहरा एकदम उजळला. आपली मुलगी आकाशात जाणार याचा तो आनंद नव्हता. इतके पर्याय आहेत म्हटल्यावर एक्सेल शीट करता येणार होती.

शीट झाली. रकाने झाले. पिवळा, हिरवा, फिका गुलाबी. सईने त्यात डोकावून फक्त 'एनडीए' लिहिलेल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि ती पोहायला निघून गेली.

एनडीए म्हटलं की बाकीच्या देशाला गणवेश आठवतो. पुणेकराला कणीस आठवतं. खडकवासला धरणाच्या चौपाटीवर भाजलेलं कणीस, पुढे सिंहगडावर पिठलं-भाकरी, ही आमची परिक्रमा. १९५५ सालापासून ती प्रबोधिनी तिथे उभी आहे, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिच्याकडे पाठ करून कांदाभजी खात आलो आहोत. फार तर 'आत खूप कडक असतं म्हणे' एवढं एक वाक्य, तेही तोंडात भजं असताना. मुलींना तर तो दरवाजा २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर उघडला. २०२२मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५मध्ये सतरा जणी संचलन करत बाहेर पडल्या. लढाऊ विमानांपर्यंत मात्र मुली आधीच पोचल्या होत्या. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग, २०१६ साली, पदवीनंतरच्या वाटेने. ही नावं सईला पाठ आहेत. ताईला त्यांच्या आयांची नावं हवी होती. त्यांच्याशी तिला बोलायचं होतं.

एनडीएच्या वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस. आता यातली गंमत बघा. साडेसोळाव्या वर्षी आपलं सरकार पोरीला सांगतं, ये बाई, तुला लढाऊ विमानासाठी तपासून बघतो. पण तिने बाबांची अॅक्टिव्हा दुधाच्या पिशव्या आणायला कोपऱ्यापर्यंत नेली तर तेच सरकार तिला थांबवतं, कारण त्याला अठरा पूर्ण लागतात. भाऊजींचं म्हणणं, सरकारला धानोरीची वाहतूक माहीत आहे. वर निदान कोणी उलट्या बाजूने येत नाही.

मग मी जागा वाचून दाखवल्या. अलीकडच्या जाहिरातींत एका परीक्षेला हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेच्या ९२ जागा असतात. भाऊजींनी मान डोलावली. "त्यात मुलींसाठी..." मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, "...दोन."

वरून सुखोई गेलं. ते जाईपर्यंत कोणाला काही बोलता आलं नाही. आवाज विरल्यावर भाऊजी हळूच म्हणाले, "दोन? अगं, आपल्या सोसायटीत व्हिजिटर्स पार्किंग चार आहे."

"मला एकच हवीय, बाबा," सई म्हणाली.

यापुढचा प्रसंग शिवणाच्या टेपचा. वैमानिक होण्यासाठी ज्ञान, शौर्य वगैरे लागत असेलच, पण त्याआधी मापं लागतात. पाय कमीत कमी ९९ सेंटिमीटर, जास्तीत जास्त १२०. बसल्यावरची उंची साडेएक्याऐंशी ते ९६. आणि मांडी जास्तीत जास्त ६४.

"जास्तीत जास्त?" ताई चमकली. तिला घेराची काळजी वाटली. आमच्या बाजूचा इतिहास तसा आहे.

"लांबी गं. घेर नाही."

"पण लांब असली तर यांचं काय जातं?"

इथे भाऊजींना स्फुरण चढलं. त्यांनी कालच वाचलं होतं. कॉकपिट म्हणजे काही रिक्षा नव्हे, सरकून बसायला. शिवाय विमान पडायला लागलं की वैमानिक खुर्चीसकट वर फेकला जातो, स्फोटाच्या जोरावर, डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्या वेळी मांड्या लांब असतील तर गुडघे समोरच्या चौकटीवर आपटणार.

"कोण फेकतं तिला बाहेर?" ताईने विचारलं.

"तीच. स्वतःच. हँडल ओढून."

ताईने टेप गुंडाळून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नारळ खवला. त्या दिवशी स्वयंपाकात नारळाचं काही नव्हतं. मापं नंतर माईंनी घेतली. सईची सगळी बसली. भाऊजींनीही हौसेने स्वतःची करून घेतली. पाय, बैठी उंची, मांडी, तिन्ही नियमात. पोटाचा रकाना मी वाचून दाखवलेल्या यादीत नव्हता, त्यामुळे त्या संध्याकाळी ते सोसायटीत जरा ताठ चालत होते.

मापांनंतर डोळे. एनडीएतून फ्लाइंगला जायचं तर दूरचं अंधूक दिसून चालत नाही. चष्म्याच्या बाबतीत आमचं घराणं इतकं पुढारलेलं आहे की आमच्याकडे बारशाला पाळण्यातल्या बाळाचंही नाक बघतात, फ्रेम बसेल का म्हणून. सईला अजून नंबर नाही, हे आतापर्यंत नुसतं सुख होतं. आता ती मालमत्ता झाली. तिच्या मोबाइलवर गदा आली, गाजरं आली, अंधारात वाचताना दिसली तर तिन्ही खोल्यांतून एकदम आरडाओरडा व्हायला लागला. रंगांधळेपणाही तपासतात म्हटल्यावर ताई मात्र निर्धास्त झाली. "ती माझ्याबरोबर लक्ष्मी रोडला आलेली आहे," ती म्हणाली, "आमसुली आणि वांगी तिला पाचवीपासून कळतो." भाऊजींना अजून कळत नाही. पडद्यांना दोन दिवाळ्या लागल्या त्यातली एक या कारणाने.

आणि एक यंत्रावरची परीक्षा असते. समोर पडदा, हातात दांडा, पायाशी पेडल, काटे इकडे पळतात, आकडे तिकडे. तुमचे हात, पाय आणि डोकं एकमेकांशी बोलतात का, हे ती बघते. आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की विमान चालवायचा विषय संपला, मग दुसऱ्या कुठल्याही रस्त्याने आलात तरी. 'आयुष्यात एकदाच' हे ऐकून भाऊजी खरे हादरले. फेरपरीक्षा, फेरतपासणी, फेरमोजणी, फेरविचार यांवर त्यांची श्रद्धा आहे. गाडीचं लायसन्स त्यांनी याच श्रद्धेवर मिळवलं.

"आणि समजा," त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं, "शत्रूच्या हद्दीत पडली तर?"

मी त्यांना दिलीप परुळकरांची गोष्ट सांगितली. आपला मराठी माणूस, हवाई दलाचा वैमानिक. १९७१च्या युद्धात विमान पडलं, युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून ऑगस्ट १९७२मध्ये दोन साथीदारांसह पळाले. पेशावर गाठलं, अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी, लंडी कोतलपर्यंत पोचले. तिथे त्यांनी लंडी खाना नावाच्या रेल्वे स्टेशनची चौकशी केली. त्यांच्या नकाशात ते होतं. प्रत्यक्षात ते १९३२ सालीच बंद पडलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनला निघालेली ही माणसं कोण, म्हणून संशय आला आणि तिघे पकडले गेले. पुढे त्यांची सुटका झाली.

मला वाटलं, भाऊजींचा ऊर भरून येईल. भाऊजी म्हणाले, "तेच तर मी सांगतोय. माहिती ताजी पाहिजे. तू ही जाहिरात कुठल्या वर्षाची वाचतोयस?"

लेखीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गणिताचे १२० प्रश्न, अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. चुकलं की गुण कापतात. सईला गणित आवडतं, त्यामुळे या विषयात तिच्याशी बोलायला कोणी जात नाही. खरी मजा एसएसबीची. निवड मंडळ पाच दिवस मुक्कामाला बोलावतं, त्यातही बरेच जण पहिल्याच दिवशी चहा पिऊन घरी. अंधूक चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहा. असली बारा चित्रं आणखी असतात, त्यातलं बारावं कोरं. साठ शब्द एकामागून एक, प्रत्येकी पंधरा सेकंद, सुचेल ते वाक्य लिहा. मग साठ प्रसंग, अर्ध्या तासात: तुम्ही असे असे अडकलात, काय कराल? मैदानावर फळी, ओंडका आणि दोरी देऊन सांगतात, हा काल्पनिक ओढा ओलांडा. यातून तुमची पारख होते.

भाऊजी म्हणाले, सराव घरीच करू. एका रविवारी हॉलमध्ये मंडळ बसलं. मी घड्याळ घेऊन परीक्षक. सई म्हणाली, सगळ्यांनी द्यायची.

चित्रांतच फरक दिसायला लागला. ताईच्या प्रत्येक गोष्टीत कोणीतरी दवाखान्यात दाखल होत होतं. भाऊजींच्या गोष्टींतल्या नायकांना जामीनदार मिळत नव्हता. कोऱ्या चित्रावर त्यांनी लिहिलं, "अर्जदाराने माहिती भरलेली नाही."

मग शब्द.

"धोका," मी म्हणालो.

"कोणत्या संदर्भात?" भाऊजींनी विचारलं आणि वेळ संपली.

"अंधार."

ताई: "आधी शेजारी गेलेत का बघ." माई: "डोळे सरावले की दिसतं."

"हार."

भाऊजींनी लिहिलं, 'पत्करावी लागते'. माई म्हणाल्या, "मोत्यांचा थोरलीला. सोन्याचा सईला." हॉलमध्ये शांतता पसरली. या दोन हारांचा प्रश्न आजोबा गेल्यापासून लोंबकळत होता. त्यासाठी एक दिवाळी, दोन लग्नं आणि एक वकील खर्ची पडले होते. तो आज सात सेकंदांत निकाली निघाला, आणि वर आठ उरले.

प्रसंगांत तर माईंनी कहर केला. रेल्वेने परीक्षेला निघालाय, डब्यात दोन चोर शिरले. भाऊजींचा पहिला प्रश्न, डबा आरक्षित आहे का. माई: "ओरडायचं. पाय आडवा घालायचा. पडला की पोळपाट." रात्री जंगलात गाडी बंद पडली. "उतरायचं आणि चालायला लागायचं. बसून राहिलं की थंडी वाजते." त्या बोलत होत्या, सई भराभरा लिहून घेत होती. माझं मत विचाराल तर मंडळाने त्याच दिवशी माईंना ठेवून घेतलं असतं. वयाची अट फक्त साठेक वर्षांनी हुकली.

तेवढ्यात भाऊजींना आठवलं की अकरावीच्या ऑनलाइन अर्जाची मुदत आली. लॅपटॉप उघडला. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता, भाऊजींच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर तक्ता. फ्लाइंगला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं, ते ठरलंच होतं. चौथ्या विषयावर त्यांचा हात थबकला.

"सई, मी काय म्हणतो, बायो असू दे का? म्हणजे नीटचं दार उघडं राहतं. किंवा आयटी घेतलं तर... पण मग नीट... म्हणजे समजा, समजा हं, उद्या डोळ्याला नंबर आला, तर आपल्याकडे..."

माईंनी माझ्या हातातलं घड्याळ घेतलं.

"पंधरा झाले," त्या म्हणाल्या. "पुढचा शब्द."